पुरचुंडीबाबांची बंद खोली

वरच्या खोलीची कडी निघाली आणि जिन्यावरची गर्दी एकदम उठून उभी राहिली. आत जाताना ज्या आजोबांच्या हनुवटीखाली लालभडक टॉवेल होता, तेच आता दारात उभे राहून आ वासून सगळ्यांना जबडा दाखवत होते. कुणी मोबाइलचा उजेड पाडला, कुणी टाचा उंचावल्या. एक थेंब नाही, असं पुढच्यानं मागच्याला सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला, आणि बातमी जिना उतरून रस्त्यावर पोचेपर्यंत आजोबांना नवी दाढही फुटली होती.

एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण हसायची सोय नव्हती. माझ्याच हनुवटीखाली टॉवेल होता, डाव्या दंडाला बायको होती, उजव्या दंडाला ताई, आणि मागे इतकी माणसं की परत फिरायचं म्हटलं तर कुणाच्या तरी डोक्यावरून जावं लागलं असतं.

मी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करतो. काचेच्या केबिनमध्ये बसून दिवसभर बोलायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी आल्यावरही माझं बोलणं संपत नाही, म्हणून सगळे मला भोंगा म्हणतात. हा भोंगा जन्मभर सगळ्यांत जास्त वाजला तो बुवाबाजीविरुद्ध. नात्यातल्या एकाही माणसाला मी वाद न घालता ताईत बांधू दिलेला नाही. त्या माझी वरात आज पुरचुंडीबाबांच्या दारात आली होती.

झालं ते असं. सकाळी दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझी खालची दाढ काढली. त्या जागेवर त्यांनी गॉजची, म्हणजे पांढऱ्या जाळीदार कापडाची, घट्ट घडी ठेवली आणि बजावलं, "चावून दाबून धरा. तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही आणि काढून बघायचं तर मुळीच नाही." जादा घड्यांचं एक पाकीटही त्यांनी हातात ठेवलं. रक्त आलंच तर नवी घडी ठेवून पुन्हा दाबायचं आणि तरी थांबलं नाही तर सरळ त्यांना फोन करायचा. मी मान डोलावली, पाकीट शर्टाच्या खिशात टाकून विसरलो आणि दवाखान्याची पाटी तिरकी लागली आहे हे सांगायला लगेच तोंड उघडलं.

घरी पोचलो तर आमच्या गोतावळ्याची रीत आडवी आली. आमच्याकडे आजारी माणसाची चौकशी डोळ्यांनी करतात. कुणाचा पाय मोडला तर प्लास्टरवर टकटक करून बघतील. शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "दाखव बघू." मी घडी काढली, आ केला. मग मेव्हणा आला, त्याला दाखवलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर स्वतःची बॅटरी घेऊन आले, त्यांना तर दोन्ही बाजूंनी दाखवलं. प्रत्येक दर्शनानंतर मी बेसिनमध्ये थुंकत होतो आणि लाल दिसलं की आणखी जोरात थुंकत होतो. आतला लाल रंग संपला की काम झालं, अशी माझी समजूत असावी.

दुपार कलली तरी रक्त चालूच होतं. बायको रडकुंडीला आली. काकूंनी पुरचुंडीबाबांचं नाव काढलं, मी त्याविरुद्ध बोलायला तोंड उघडलं आणि शर्टावर लाल ओघळ आला. वाद तिथेच हरलो.

ताई बरोबर आली त्याला कारण वेगळं होतं. माझ्या या थोरल्या बहिणीच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. ती गोळी चुकली आणि गुठळी सुटून मेंदूत गेली तर माणूस आडवा होतो. तिचीही एक दाढ किडली होती आणि कित्येक महिने ती एकाच बाजूने जेवत होती. गोळीमुळे आपलं रक्त थांबणारच नाही, ही धास्ती. त्यात माझा शर्ट बघितल्यावर तिचा उरलासुरला धीर सुटला आणि बाबांना विचारायला तीही निघाली.

दारावर एक दांडगा माणूस उभा होता. त्याचं काम एकच, कडी लावणं आणि काढणं. रुग्ण आणि त्यांची माणसं आत गेली की तो बाहेरून कडी घालायचा, आणि आतल्यांचं रक्त थांबल्याचा बाबांचा पुकारा होईपर्यंत ती काढायचा नाही. आम्ही आत गेलो. मागे कडी खाड्कन पडली.

खोली जुन्या गोदामावरची होती. एकुलत्या खिडकीवर रंगाचे इतके थर चढले होते की ती उघडणं शक्य नव्हतं. दोन भिंतींना समोरासमोर लाकडी बाकं, मधे पाणी भरलेलं पांढरं घमेलं, आणि कोपऱ्यात एक बुटकं दार. ते शंकेखोरांसाठी आहे, असं बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं. ज्याचं रक्त थांबणार नाही त्याला तिथून मागच्या गल्लीत काढलं जाई. जिन्यावरच्या गर्दीला तो कधी दिसतच नसे.

बाबा चांगले गुटगुटीत होते. आवाज लोण्यासारखा. मी आवाजाच्याच धंद्यातला असल्यामुळे मला तो लगेच कळला. रोज वापरून गुळगुळीत झालेला आवाज होता.

"बाळांनो, रक्त म्हणजे रुसलेलं लेकरू. त्याला ओरडून चालत नाही. त्याला हाक मारावी लागते, आणि ती हाक मला येते. आधी मात्र दोष बाहेर काढा."

दोष बाहेर काढायचा म्हणजे बाबांच्या थर्मासमधल्या गरम पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि घमेल्यात थुंकायचं. एकेकाला त्यांनी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. घमेलं बघता बघता लाल झालं. एका बाईने तोंड फिरवलं, माझ्या बायकोने माझा दंड आणखी आवळला. चमचाभर शाईने बादलीभर पाणी रंगतं हे मला माहीत होतं, पण ती शाई स्वतःच्या तोंडातून पडत असली की माहितीचा फारसा उपयोग होत नाही. मीही घाबरलो होतो.

मग बाबा रांगेने फिरू लागले. प्रत्येकाच्या तळहातावर ते कापडाची एक ओलसर पुरचुंडी ठेवत, डोळे मिटून काही पुटपुटत आणि पुढे सरकत. ती आपली आपण जखमेवर ठेवून चावून धरायची.

"आता मौन. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, जिभेने चाचपायचं नाही, काढून बघायचं नाही. ज्याच्या मनात शंका, त्याच्या तोंडात रक्त. शंका बोलून दाखवाल तर तिच्या मागोमाग रक्तही बाहेर येईल."

मी पुरचुंडी चावली. जिभेवर तुरट, कडवट चव उतरली. ही चव माझ्या इतकी ओळखीची होती की मी जवळजवळ उठून उभाच राहिलो. केबिनमध्ये दिवसभर जी माझ्या घशाखाली जाते ती, साधी चहाची पूड. आणि बाबांचे नियम? बोलू नका, थुंकू नका, काढून बघू नका, दाबून धरा. डॉक्टरीणबाईंनी सकाळी सांगितलं होतं ते शब्दाला शब्द हेच होतं. फरक इतकाच की त्यांच्या दवाखान्याला बाहेरून कडी नव्हती.

सगळी खोली लख्ख दिसायला लागली. गरम चुळांनी आणि थुंकायला लावून हा माणूस आधी रक्त वाहतं करत होता. नंतर कोंडून, गप्प बसवून, कापड दाबायला लावून तेच थांबवत होता. नळ सोडणारा तोच, बंद करणाराही तोच. जयजयकार फक्त बंद केल्याचा होत होता.

हे ओरडून सांगावं म्हणून मी श्वास घेतला, तेवढ्यात शेजारी ताईचा आवाज आला. ती बाबांना दबक्या आवाजात आपली हकीकत सांगत होती. नातेवाइकांना मौन नव्हतं. तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली.

"ताई, ही गोळी रक्ताला पळायला शिकवते," बाबा म्हणाले. "मी त्याला थांबायला शिकवतो. एका घरात दोन मास्तर कसे नांदतील? ही पट्टी त्या डब्यात टाका, आठ दिवस गोळीला शिवू नका, मग दाढ काढून माझ्याकडे या."

कोपऱ्यात एक उघडा पत्र्याचा डबा होता. त्यात अशा कितीतरी पट्ट्या पडलेल्या होत्या.

ताईने पट्टी मुठीत धरली आणि माझ्याकडे बघितलं. "आधी धाकट्याचं बघते, बाबा. त्याचं थांबलं, तर टाकते."

मी पुरता अडकलो. बोललो तर जखमेवर नुकती धरू लागलेली गुठळी हलणार, रक्त येणार, आणि बाबा म्हणणार, बघा, शंकेखोर. गप्प बसलो तर रक्त थांबणार, आणि ताई म्हणणार, बघा, बाबा खरे. मागच्या दाराने बाहेर पडलो तर ताई एकटी आत राहणार. माझा स्वतःचा जबडाच बाबांचा साक्षीदार झाला होता. ज्या तोंडाने मी जन्मभर लोकांना ऐकवलं, ते तोंड बंद ठेवूनही माझ्याविरुद्ध बोलणार होतं. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

मी ताईपुढे हातवारे सुरू केले. गोळीकडे बोट दाखवलं, नाही नाही म्हणून मान हलवली, छातीवर हात मारून हृदय दाखवलं, मेंदू दाखवायला कपाळ बडवलं. ताई माझ्याकडे घाबरून बघत राहिली.

"अहो बाबा, यांच्या अंगात आलंय," बायको म्हणाली.

"शंका बाहेर पडतेय," बाबा समाधानाने म्हणाले. "हात धरून ठेवा."

बायकोने माझे हात धरून मांडीवर दाबले. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे तिला झिडकारताही येईना. समोरच्या बाकावरचे लोक माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांतला शेवटचा चेहरा ओळखीचा निघाला. लांब पल्ल्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर होता तो, ज्याला आम्ही मिशीवाला म्हणतो. त्याचाही गाल सुजला होता आणि मिशीची एक बाजू लालसर झाली होती. बाबा अजून त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. तो मात्र इतरांसारखा घाबरून बघत नव्हता. तो माझे हात वाचत होता.

आमच्या केबिनची काच जाड आहे आणि बाहेर इंजिनांचा गोंगाट. म्हणून ड्रायव्हर आणि मी वर्षानुवर्षं हातांनीच बोलत आलो आहोत. मी बोटाने बायकोला खूण केली, की शांत झालो. तिने हात सोडले. मग मी मिशीवाल्याकडे बघत एका मुठीवर दुसरी मूठ ठेवली आणि त्यांची अदलाबदल केली. याचा अर्थ, फलाट बदला. त्याने भुवया वर केल्या. मी खिशातून डॉक्टरीणबाईंचं पाकीट अर्धवट वर काढलं आणि पुन्हा तीच खूण केली. तो क्षणभर थांबला आणि अंगठा उंचावला.

हनुवटीखालचा टॉवेल मुद्दाम घमेल्यापलीकडे पाडून तो उचलायच्या निमित्ताने मी उठलो, वाकलो, आणि जाता जाता पाकीट त्याच्या मांडीवर पडलं. बाबांनी त्याच्या तळहातावर पुरचुंडी ठेवली, पुटपुटले आणि वळले. मिशीवाल्याने पुरचुंडी खिशात घातली आणि गॉजची घडी दाढेच्या जागी ठेवली. मी जागेवर बसून तळहात खाली दाबून दाखवला. याचा अर्थ, गाडी उभी ठेव, ब्रेक सोडू नकोस. त्याने जबडा आवळला.

मग नुसतं बसणं. बंद खिडकीवर एक माशी आपटत होती. बाबा रक्ताच्या रुसव्याफुगव्यांच्या गोष्टी सांगत होते. बाहेरच्या गर्दीची कुजबुज दाराखालून येत होती. मी ताईच्या मुठीकडे बघत होतो. पट्टीच्या कडा तिच्या बोटांतून बाहेर आल्या होत्या. मिशीवाल्याचं थांबलं नाही तर?

शेवटी बाबा उठले. पहिला मीच. त्यांनी पुरचुंडी काढायला लावली, आत डोकावले आणि हात उंचावले. रक्त थांबलं होतं. बायकोने डोळे पुसले. ताई उठली, कोपऱ्यात गेली आणि तिने पट्टी डब्यात टाकली. पट्टी पडल्याचा तो आवाज मला कडीच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

बाबा एकेकाला बघत मिशीवाल्यापाशी आले. "हा आला तेव्हा सगळ्यांत वाईट वाहत होता," ते खोलीला म्हणाले. "बघा आता. माझी पुरचुंडी काय करते ते डोळ्यांनी बघा."

मिशीवाल्याने तोंडातून घडी काढली. गुलाबी डाग पडलेली पांढरी जाळी होती ती. मग त्याने खिशात हात घालून पुरचुंडी काढली आणि शेजारी ठेवली. ती कुणी चावलेलीच नव्हती.

"हे दवाखान्याचं कापड आहे," तो ओठ फारसे न हलवता म्हणाला. "तुमची पुरचुंडी मी तोंडात घातलीच नाही."

बाकांवरची माणसं बघायला पुढे वाकली. बाबांना मात्र सवय होती. पुरचुंडी खिशात असली तरी तिची शक्ती अंगभर पसरते, असं ते लगेच म्हणाले. दोघा-तिघांनी माना डोलावल्यासुद्धा.

आता बोलणं भागच होतं. मी दात मिटून, अगदी हळू बोललो. माझा इतका बारीक आवाज बायकोने लग्नापासून ऐकला नसेल.

"मग तोंडात कशाला द्यायची, बाबा? सगळ्यांच्या खिशातच घाला. आणि त्यांना बोलू द्या, थुंकू द्या. बघू या थांबतं का."

"शंका बोलली," बाबांचा आवाज चढला. "आता बघा याच्या तोंडाकडे. आत्ता रक्त येईल."

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघू लागली. मीही मनातल्या मनात तिकडेच बघत होतो. एक थेंब आला असता तर मी हरलो असतो, आणि माझ्याबरोबर ताईही. बुवाबाजीवर इतका वाजणारा मी त्या क्षणी घशाखाली आवंढा गिळायलाही भीत होतो.

ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दाखव बघू," ती म्हणाली.

मी सावकाश, लागेल तेवढंच तोंड उघडलं. तिने बराच वेळ बघितलं. मग तिने बाकावरची ती न चावलेली पुरचुंडी उचलून गाठ सोडली. आत कापसाची घडी आणि ओल्या चहाची काळी पूड होती. तिने वास घेतला, बायकोला दिला, बायकोने मिशीवाल्याला दिला. चहा घरोघर होतो. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

ताई कोपऱ्यात गेली. तिने डब्यातून आपली पट्टी काढली, पदराने पुसली आणि पिशवीत घातली. मग तो डबाच उचलून तिने बाकावर ठेवला, ज्याची त्याने ओळखून घ्यावी म्हणून. आणि दारावर थाप मारली.

"रक्त थांबलं का?" कडीवाल्याने बाहेरून विचारलं.

"थांबलं," ताई म्हणाली. "आणि कशाने थांबलं तेही कळलं. कडी काढ."

कडी निघाली. बाबा कुठे आहेत म्हणून आम्ही मागे वळून बघितलं, तर कोपऱ्यातलं बुटकं दार उघडं होतं. शंकेखोरांच्या वाटेने ते स्वतःच गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. दाढ काढलेल्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेवरचं झाकण, असं त्या म्हणाल्या. दाबून धरलं की ते बसतं. थुंकलं, चूळ भरली, सारखं बघितलं की निघून येतं. थुंकी थोडी गुलाबी दिसली तरी घाबरायचं नाही, कारण चिमूटभर रक्त तोंडभर लाळेला रंगवतं. ओल्या चहाने थोडी मदत होतेही, पण खरं काम दाबण्याचं, आणि बाबांची कापडं कुठून कुठे फिरली असतील... असं म्हणून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. ज्यांचं दाबूनही थांबत नाही अशांना टाके, औषध, कधी मोठं रुग्णालय लागतं. बाबा अशांना मागच्या गल्लीत सोडत होते. म्हणून त्यांचं कधी चुकलं नाही.

ताईसाठी त्यांनी तिच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. गोळी बंद करायची नाही, असं त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रक्त किती पातळ आहे ते आधी तपासलं, मग दाढ काढली, जखमेला टाका घातला, वर गॉजची घडी. घरी आणल्यावर मी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि पाठ टेकून उभा राहिलो. बाहेर काकू होत्या, मेव्हणा होता, मास्तर बॅटरी घेऊन होते. सगळे दाखव बघू म्हणत होते. मी एक शब्द बोललो नाही. घरातल्यांना वाटलं, माझी तब्येत पुन्हा बिघडली.

तासाभराने ताईने घडी काढली, रुमालावर ठेवली आणि माझ्याकडे बघून तळहात खाली दाबला. गाडी उभी आहे.

आता माझं काम, म्हणजे घोषणा. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. दाढ काढल्यावर तोंड मिटा, कापड दाबा, थंड आणि मऊ खा, तंबाखूला त्या दिवसांत हात लावू नका, मिठाच्या कोमट पाण्याची हलकी चूळ दुसऱ्या दिवसापासून भरा. दाबूनही रक्त थांबलं नाही तर दवाखाना गाठा. चालू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की तो काढून टाकला तर काय उरतं. आमच्या खोलीत उरलं ते दवाखान्याचं पांढरं कापड. त्याने रक्त थांबलं, आणि माझी बहीण आज दोन्ही बाजूंनी जेवते.